इतर

प्रेसमध्ये बत्तीस वर्षं नोटा तपासल्या मी,
अंगठ्याची सवय जात नाही,
माणसंही तशीच मोजते :
नाशिकरोडला आमची अकरा घरं,
देवळालीत चार, ओझरला एक,
आणि सातपूरचा एकजण, जो फक्त सणाला उगवतो.
दहा पुरुष जमले तर प्रार्थना पुरी.
नाहीतर हाननेलकाका ठाण्याला फोन लावतो
आणि तपोवन एक्स्प्रेसनं दहावा येतो,
हातात चिकाच्या हलव्याचा डबा,
आल्या आल्या परतीची वेळ विचारत.

यंदा महापालिकेची नोटीस आली.
वालदेवीकाठच्या आमच्या दफनभूमीची भिंत
रस्त्याच्या नव्या रेषेत.
हरकत असल्यास सुनावणी.
शनिवारी, सकाळी अकराला.

शनिवारीच.

खापरपणज्याचा घाणा शनिवारी बंद असायचा,
गाव म्हणायचं, शनवार तेली.
पुढे तेल सुटलं,
वार सुटला नाही.

काका म्हणाला, नको जाऊस रिबका.
आपण किती, आपला आवाज किती.
इथं कुणी कधी त्रास दिला नाही
तो गप्प राहिलो म्हणून.
मी म्हटलं, त्रास दिला नाही
हा शेजाऱ्यांचा चांगुलपणा.
गप्प राहिलो ही आपली खोड.
दोन्ही एका खात्यात नको मांडूस.

चालत गेले. रिक्षा नाही, पर्स नाही, पेन नाही.
सोबत भाची याएल, पंधरा वर्षांची,
शाळेत विचारलं की ख्रिश्चन सांगते,
कारण खरं सांगायला
अख्खी मधली सुट्टी जाते.

हॉलमध्ये पंखा फिरत होता, माइक नव्हता.
मी म्हटलं, साहेब, भिंतीआड
माझे आईवडील आहेत, आणि एक मास्तर,
ज्यांनी इथल्या निम्म्या रोडला गणित शिकवलं.
दगडांवर वर हिब्रू आहे, खाली मराठी.
हिब्रू आम्हालाही अडखळत वाचावी लागते,
मराठी तुम्ही वाचू शकाल.
नोटेच्या पाठीवर पंधरा भाषा असतात,
मी मोजल्यात,
आठवी, बरोब्बर मधली, मराठी.
ती माझी.
आणि हो, त्या भिंतीपाशी दिवा नाही.
रात्रपाळीच्या नर्सा तिथूनच जातात.
रस्ता कराल तेव्हा कराल,
खांब आधी लावा.

मागून बागुलांची मंदा उठली,
म्हणाली, दिव्याचं लिहून घ्या, मी सही करते.
मग आणखी दोघी.

निरगुडे कारकुनांनी रजिस्टर सरकवलं.
नाव, प्रभाग, समाज.
समाजाखाली चार छापील नावं आणि पाचवं, इतर.
मी म्हटलं, आज लिहीत नाही.
– मग अंगठा?
– अंगठाही नाही.
– मग कधी, ताई?
– आकाशात तीन तारे दिसले की.
हॉल हसला. वाईट नाही हसला.

संध्याकाळी गॅलरीत याएल तारे मोजत होती.
दोन सापडले, तिसरा
मालधक्क्याच्या दिव्यात हरवलेला.
आत सब्जाची पानं चुरून
हातोहात वास फिरवला,
वातीवरून बोटं धरली, आठवडा सुरू केला,
आणि खाली स्कूटर थांबली.

निरगुडे. काखेत रजिस्टर.
घरी जाता जाताच आलो, म्हणाले,
सोमवारी फाईल वर जाते, राहून गेलं असतं.
शुक्रवारी भिजवलेल्या पिंपळगावच्या काळ्या मनुकांचं
सरबत उरलं होतं अर्धा पेला.
त्यांनी विचारलं, हे दारू नाही ना?
मग एका दमात प्यायले.

मी सही केली.
याएलनं पेन माझ्या हातातून घेतलं,
'इतर'वर सरळ रेघ मारली
आणि लिहू लागली, बेने इस्राएल,
शाळेत काढते तसं टपोरं अक्षर.
रकाना पुरला नाही.
वेलांटी, मात्रा, सगळं पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात गेलं.

भिंतीचं काय होईल, अजून कळलेलं नाही.
निरगुडेंनी चष्मा लावला,
शेरा लिहायला जागा शोधली.
नव्हती.